लोखंडाची मेढ

"उतर खाली, मेल्या! तुह्या बापानं टाकली होती काय हे टिनं?"

गोजराबाईची काठी ओसरीच्या पायरीवर आपटली. वानराला मारायचं नाही, हा घराचा नेम होता. मारुतीचं लेकरू ते. त्यामुळे तिचं सगळं मारणं तोंडानंच चालायचं, आणि तिच्या तोंडाचा मार मेडशीत भल्याभल्यांना सोसवला नव्हता. वानरानं मात्र खाली पाहून दात विचकले, निंबाच्या फांदीला झोका दिला आणि धाडकन टिनावर उडी घेतली. टिन लवलं. त्यावरच्या डिशच्या छत्रीनं रुसलेल्या सुनेसारखी मान फिरवली आणि आत टीव्हीवरचं कीर्तन बुवांच्या उघड्या तोंडासकट बंद पडलं.

"आई, चित्र गेलं काय?" चुलीपाशी बसलेल्या सुनेनं, योगिनीनं विचारलं.

"चित्र गेलं अन् इज्जत बी गेली. दोन्ही सोबतच गेले."

इज्जतीचा हा काटा साखरपुड्यापासून रुतलेला होता. नातीचे, निकिताचे होणारे सोयरे इंझोरीहून आले, पाहुणचार झाला, माणसं मॅच पाहायला बसली आणि ऐन रंगात वानरानं अशीच उडी मारली. पडदा निळा झाला. नवरदेवाचा मामा मिशीला हात लावत म्हणाला, "पंचक्रोशीत छत्र्या बसवते म्हणे हे बाई. घरी मात्र निस्तं निळं आभाळ दाखवून राह्यली!" सगळे हसले. योगिनीही हसली, म्हणून गोजराबाईला जास्त लागलं. सुनेला बोलायचा हक्क या गावात एकाच माणसाला होता आणि तो माणूस काही इंझोरीत राहत नव्हता.

"ऐक वं," गोजराबाई चुलीपाशी येऊन उभी राहिली. "लग्नाच्या आधी या छत्रीचं काही तरी कर. वानराचा बाप आला तरी हालली नाई पाह्यजे."

योगिनीनं भाकर तव्यावर उलटवली. "टिनावर ते होणारच नाई, आई. टिन लवते, त्यासंग छत्री लवते. तिचं तोंड इथं बोटभर सरकलं की आभाळात गावभर सरकते. तिले खाली घ्या लागीन. अंगणात लोखंडाचा खांब गाडू, सिमिटात. वानेर बसलं तं बसू द्या मंग."

"मंग घे खाली."

योगिनीचा हात थांबला. वरची छत्री विकासनं लावलेली होती. त्याच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. विकास तिचा नवरा, गोजराबाईचा धाकटा. दुसऱ्या गावात, पावसानं ओल्या झालेल्या टिनावरून असंच एक काम करताना घसरला तो उठलाच नाही. निकिता तेव्हा शाळेत होती. पुढे काही महिन्यांनी योगिनीनं त्याची पान्ह्यांची पिशवी खुंटीवरून काढून खांद्याला लावली, तेव्हा घरात रडारड झाली होती. तिनं एवढंच सांगितलं होतं की जिथं जमिनीवरून आभाळ दिसते तिथं मी टिनावर चढणार नाही. तो शब्द तिनं पाळला. मेडशीच्या फाट्यावर दुकान चालवलं, आणि आजूबाजूच्या गावांत घराघरापुढे तिनं रोवलेले खांब उभे राहिले. आपल्याच घराची छत्री तेवढी वर राहिली. सासू काढ म्हणेना, सून विचारीना.

"काढ म्हटलं न," गोजराबाई म्हणाली. "थो गेला, आता त्या पत्र्यात काय राह्यला हाय काय? वानरं नाचून राह्यले त्याच्यावर."

आणि ती पाठ फिरवून बाहेर गेली. डोळ्यांत धूर गेला होता, असं तिनं पुढे कुणीच न विचारता सांगून टाकलं.

*

जागा शोधायला योगिनी अंगणात उतरली. एका हातात मोबाईल, दुसरा हात आभाळाकडे तिरपा. पाऊलभर इकडे, पाऊलभर तिकडे.

"काय मोजून राह्यली? दिवसा चांदण्या?" गोजराबाईनं ओसरीवरून विचारलं.

"वाट पाहून राह्यली, आई. दक्षिणेकडून जराशी उगवतीच्या अंगानं, अन् चांगली वरून येते लहर. मधात फांदी नाई आली पाह्यजे." निंबाला वळसा घालून, विहिरीकडून फिरून ती परत अंगणाच्या मधोमध आली आणि तिथं टाच रोवून उभी राहिली. "इथं. बाकी सगळीकडं निंब आडवा येते."

थोरला जगदेव तेवढ्यात शेतातून आला. त्यानं टाचेखालची जागा पाहिली आणि डोक्यावरचा रुमाल झटकला. "तिथं? तिथं तं मांडवाची मेढ रोवतात आपल्या घरी. माह्या लग्नाची तिथंच होती. गोठ्यामांगं लाव न."

"गोठ्यामांगं निंब हाय, दादा."

"फांद्या छाटून देतो मी."

"अन् पंगतीले सावली तुह्या रुमालाची करू काय?" गोजराबाई मध्ये पडली. "निंबाले हात नाई लावायचा. मेढ हातभर बाजूले रोवता येईन."

"माय, पर धुरपता आत्या..."

धुरपताबाई म्हणजे गोजराबाईची थोरली नणंद, शिरपूरला दिलेली. घरातलं कोणतंही कार्य तिच्या शब्दाबाहेर होत नसे. नवरा हयात, कपाळभर कुंकू, आणि त्या कुंकवाचा तिला जो तोरा होता तो पाटलीणबाईलाही नव्हता. साखरपुड्याच्या दिवशी जाता जाता ती सांगून गेली होती, "गोजरा, मेढीच्या वक्ती योगिनीनं पुढं यायचं नाई. पोरीची माय असली तरी काय झालं. सवाष्णीचं काम हाय ते. तुले सांगा लागते काय?"

आणि गोजराबाई "बरं" म्हणाली होती.

एवढंच म्हणाली होती, पण ते गिळलं गेलं नव्हतं. तिचं स्वतःचं कुंकू गेलं तेव्हापासून ती मेढीच्या वेळी आतल्या घरात बसायची, त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण योगिनीनं पोरीला एकटीनं वाढवलं, शिकवलं, लग्न जुळवलं. आणि त्याच पोरीच्या मेढीला हिनंच तोंड लपवायचं? बरं, कन्यादानाला बसणार होते जगदेव आणि त्याची बायको रत्नमाला. आत्याचा शब्द मोडला तर जगदेव पाटावर बसेल की नाही, याचा गोजराबाईला भरवसा नव्हता. लेक आपलाच, पण आत्यापुढे त्याची मान कधी वर झालेली तिनं पाहिली नव्हती. योगिनी तर एका शब्दानंही भांडली नाही. "मी त्या सकाळी दुकानात जाईन," म्हणाली आणि भांडी घासायला बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. गोजराबाईला भांडणाऱ्या माणसाशी वागता यायचं. न भांडणाऱ्याशी कसं वागावं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"धुरपताले मी पाह्यतो," ती म्हणाली. "खोद तू."

*

मेढीच्या आदल्या दिवशी योगिनीनं खड्डा घेतला. पदर कमरेला, हातात सब्बल. गोजराबाई ओसरीवर तूर निवडायला बसली, पण सुपातली तूर होती तशीच राहिली. डोळे अंगणात.

मेडशीची काळी माती मोठी लबाड. पावसाळ्यात पुरीसारखी फुगते, उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत कोंबडीचं पिल्लू जावं. तिच्यात वरवर रोवलेलं काहीही वर्षभरात मान टाकतं. योगिनी माती काढत गेली, काढत गेली. जगदेव येऊन डोकावला.

"बस झालं न आता. विहीर खोदून राह्यली काय?"

"काळी संपली नाई अजून, दादा. मुरूम लागू द्या."

मुरूम लागला तेव्हा सब्बलीचा आवाज बदलला. तो आवाज गोजराबाईला ओसरीवर ओळखू आला. मग योगिनीनं तळाला गिट्टी टाकली, धुमसानं ठोकली. लोखंडी पाइपाला खालच्या टोकाशी आरपार भोक पाडून आणलं होतं. त्यात तिनं हातभर सळई आडवी घातली.

"हे कायले?" गोजराबाईला राहवलं नाही.

"वारा खांबाले उपटत नाई, आई. फिरवते. हे सळई आत अडकून बसली की फिरत नाई मंग."

पाइप उभा केला, तीन बाजूंनी बांबूचे टेकू दिले, दोरीला मोठं नट बांधून ओळंबा सोडला. एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या. एक डोळा मिटून. टेकू बोटभर सरकवला, परत पाहिलं, परत सरकवला. निकितानं आतून हाक मारली, "आई, चहा थंडा होऊन राह्यला." योगिनीला ऐकूच गेलं नाही. रेती-गिट्टी-सिमिटाचा काला घमेल्यानं टाकत, सळईनं कोंबत, आणि दर घमेल्यानंतर उठून परत ओळंबा.

विकासला एवढा धीर नव्हता. गोजराबाईच्या मनात आलं आणि तिनं ते जिभेखाली दाबलं. मेलेल्या लेकाबद्दल असं मायनं मनात आणावं काय? पण डोळे खोटं कशाला बोलतील. विकास मनाचा गोड, हाताचा घाईचा. 'चालते बाप्पा' म्हणून उतरायचा. ही 'चालते' म्हणतच नव्हती. काम संपलं तेव्हा ऊन उतरलं होतं. योगिनीनं काल्यावर ओलं पोतं गुंडाळलं आणि हात धुता धुता सांगितलं, "उद्या टेकू काढले तरी चालीन. पर सिमिटाले सकाळ-संध्याकाळ पाणी पाजा लागीन. नाई तं तडकते."

गोजराबाई अंगणात उतरली. खांबाभोवती फिरली. शेत विकत घेणाऱ्यानं बांध पाहावा तशी पाहत होती.

"वाकडा हाय," ती म्हणाली.

योगिनी दचकली. "कुठी?"

"खांब नाई. शेजारच्याचं कूड वाकडं हाय. आजवर दिसलं नोहतं. आता याच्यापाशी दिसून राह्यलं."

यापेक्षा मोठं कौतुक या सासूकडून मिळत नसतं, हे योगिनीला ठाऊक होतं. ती चहा प्यायला गेली.

*

मेढीच्या सकाळी योगिनीनं टेकू काढले, पोत्यावर पाणी शिंपडलं, निकिताच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्कूटीला किक मारली. "छत्री घेऊन येतो दुकानातून. मेढीचं झालं की फोन कर," एवढं पोरीला सांगितलं. सासूकडे पाहिलंच नाही. गोजराबाईनंही पाहिलं नाही. दोघींनी एकमेकींकडे न पाहायची ही पहिलीच वेळ होती.

जगदेव मेढीसाठी उंबराचा फाटा तोडायला शेतात गेला होता. तो यायच्या आधी शिरपूरहून पहिल्या एसटीनं धुरपताबाई आली. जांभळं लुगडं, नथ, हातात झाकलेलं ताट. मागोमाग रत्नमाला आणि गल्लीतल्या सवाष्णी. रिवाजाप्रमाणे गोजराबाई आतल्या घरात जाऊन बसली. निकिता तिच्यापाशी.

"जगदेव कुठी हाय? मुहूर्त टळून राह्यला!" बाहेर धुरपताबाईचा आवाज.

"येतीलच, आत्याबाई. उंबर तोडायले गेले," रत्नमाला म्हणाली.

"आता येईन मंग येईन, अन् जोश्यानं सांगतलेली वेळ निंगून... अई बाप्पा! हे काय? मेढ तं उभी हाय!"

आत निकितानं डोळे मोठे केले.

"मांडवाच्या बिछायतवाल्यानं रोवून देली वाटते," धुरपताबाई म्हणत होती. "आमच्याकडं बी आता लोखंडाच्याच असतात. लाकूड मिळते कुठी? पर हे पाह्य वं रत्नमाला, काय काम केलं! कशी सूत धरल्यावाणी उभी हाय! आमच्या सुमनच्या लग्नात मेल्यानं अशी रोवली होती की हळदीच्या दिवशी पंगतीत पडली. आणा, हळद आणा."

"आजी," निकिता कुजबुजली, "ते तं आईचा..." ती उठायला लागली.

गोजराबाईनं तिचं मनगट धरलं. ती स्वतः उठून दारापर्यंत गेली आणि फटीतून पाहिलं. धुरपताबाई हळदीची बोटं पाइपावर ओढत होती. हाक मारायला एवढा एक क्षण होता. "आक्का, थो छत्रीचा खांब हाय," एवढे पाच शब्द. जन्मभर जिचं तोंड बंद करता करता नवरा, दीर, सरपंच, तलाठी थकले, त्या गोजराबाईच्या ओठांवर ते शब्द आले आणि तिनं आपल्याच हातानं ओठ मिटले.

"बस खाली," ती नातीला म्हणाली. "सवाष्णीचं काम हाय ते. आपल्याले त्यात काय समजते."

बाहेर कुंकू लागलं. आंब्याचे डगळे बांधले गेले. बुंध्याशी सुपारी, हळकुंड, नारळ. एकेक सवाष्ण पुढे आली, खांब कुणाचा ते ठाऊक असलेली रत्नमालाही खाली मान घालून आली, आणि बाया मेढीची गाणी म्हणू लागल्या. धुरपताबाईचा आवाज सगळ्यांत वर. म्हातारी गायची सुरेख, एवढं गोजराबाईला मान्य करावं लागलं.

*

जगदेव उंबराचा फाटा खांद्यावर घेऊन आला आणि मागे दोरीनं नवी छत्री बांधलेली योगिनीची स्कूटीही त्याच वेळी फाटकात शिरली. निकितानं फोन केला होता की नाही, हे पुढेही कुणी विचारलं नाही.

जगदेव हळदीनं पिवळ्या झालेल्या पाइपाकडे पाहत राहिला. "हे काय करून ठेवलं?"

"मेढ पुजली. तुह्या भरवशावर राह्यलो असतो तं पोरीचं लगन पुढच्या साली झालं असतं," धुरपताबाई म्हणाली.

"आत्या, हे मेढ नाई! हे तं छत्रीचा खांब हाय!"

गाणं तुटलं. बायांचे हात हवेत राहिले. धुरपताबाईनं पाइपाकडे पाहिलं, मग स्कूटीवरच्या छत्रीकडे, मग योगिनीकडे.

"कोणं रोवला?"

योगिनीनं स्कूटी स्टँडवर लावली. "मी रोवला, आत्याबाई. काल."

"तू!" धुरपताबाईच्या हातातलं ताट खणखणलं. "तुह्या हातचा खांब, अन् मी त्याले कुंकू लावलं? ज्या धंद्यानं घरातला माणूस खाल्ला त्या धंद्याचं लोखंड पोरीच्या मांडवात? जगदेव! उपट हे. आत्ता उपट. नाई तं तू अन् रत्नमाला कन्यादानाले बसाचं नाई, सांगून ठेवतो."

योगिनीचा चेहरा गोजराबाईनं दारातून पाहिला. मागे एकदाच पाहिला होता असा, विकासला घरी आणलं त्या दिवशी. आज ती हात जोडून 'काढतो मी' म्हणणार होती. ओठ हलायलाच लागले होते.

गोजराबाई आतल्या घरातून निघाली. ओसरी ओलांडली, पायऱ्या उतरली आणि सवाष्णींच्या मधून चालत थेट मेढीपाशी आली. मेढीच्या अंगणात तिचं पाऊल कितीतरी वर्षांनी पडत होतं.

"आक्का," ती अगदी हळू म्हणाली. तिचा हळू आवाज ज्यांना माहीत होता ते मागे सरकले. "मले एक सांगा. जगदेवच्या लग्नात मेढ कलली होती. आठोते? वाऱ्यानं. माहा मालक सरळ करायले गेला तं तुमी त्याचा हात धरला होता. काय म्हटलं होतं तुमी?"

धुरपताबाई स्कूटीवरच्या छत्रीकडे पाहू लागली.

"सांगा न. या सगळ्या बाया ऐकून राह्यल्या."

"म्हटलं होतं..." धुरपताबाईनं नथ सारखी केली. "हळद लागलेली मेढ मांडव उठेपर्यंत हालवत नाई."

"काहून?"

"हालवली तं संसार हालते."

"मंग हे हळद कोणं लावली? म्या लावली? हिनं लावली? ही तं घरात बी नोहती. तुमी 'पुढं येऊ नको' म्हटलं, ही पहाटी गाव सोडून गेली. तुमच्या हातानं लावली, तुमच्या कुंकवानं लावली, पाच सवाष्णींनी हात जोडले. आता काढतो म्हणता तं काढा. पर पोरीचा संसार हालला तं ते पाप छत्रीवालीच्या डोक्यावर नाई द्यायचं."

"गोजरा, तुले ठाऊक होतं!" धुरपताबाईचे डोळे बारीक झाले. "आत बसून ऐकून राह्यली होती तू. बोलली काहून नाई?"

"तुमीच तं म्हणता हमेशा, गोजरा लय बोलते," गोजराबाई म्हणाली. "एक दिवस नाई बोलली."

बायांतून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पदरानं तोंड दाबलं.

"जगदेव!" धुरपताबाई कडाडली. "मी काय म्हटलं?"

जगदेवनं उंबराचा फाटा भिंतीला टेकवला. मायकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग पाइपाला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि जोर लावला. नांगर धरलेला गडी तो, दंडाच्या शिरा फुगल्या. डगळ्यांची पानं थरथरली. खांब जिथल्या तिथं. त्यानं पाय रोवून परत जोर लावला. नाही. तो सरळ झाला, तळहाताला लागलेली हळद पाहिली, आणि काय झालं कोण जाणे, त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आत्या, हे निंगत नाई."

"सब्बल आण मंग!"

"सब्बल हाय," जगदेव म्हणाला. "पर मी आणत नाई. माह्या लग्नाची मेढ कलली होती. माह्या पुतणीची अशी हाय, हे काय वाईट झालं?"

आत्यापुढे त्याची मान वर झालेली गोजराबाईनं पहिल्यांदा पाहिली. लेकाचा तिला क्वचितच अभिमान वाटायचा. आज जरासा वाटला.

रत्नमालानं सासूकडे न पाहता, आत्याबाईकडे न पाहता, आपल्या ताटातलं कुंकू नीट केलं. "आमी दोघं पाटावर बसणार, आत्याबाई," ती म्हणाली. "म्या लावलेली हळद म्या परत घेत नाई."

धुरपताबाईनं ताट ओट्यावर आदळलं. "पुढची गाडी कितीले हाय शिरपूरची? जातो मी. करा तुमचं तुमी."

"जा न," गोजराबाई म्हणाली. "पर जायच्या आधी एक काम करून जा. तुमची नजर अजून सुई ओवते, मले ठाऊक हाय. या खांबाच्या चारी बाजूनं फिरा, अन् कुठी केसभर वाकडा असन तं दाखवा. दाखवला तं मी सोता उपटतो."

आता हे ज्या म्हातारीला सांगितलं ती साधी नव्हती. अख्ख्या शिरपुरात कुणाच्या घरची रांगोळी तिरपी आहे, हे ती एसटीच्या खिडकीतून सांगायची. ती फिरली. खरंच फिरली, चारी बाजूंनी. एक डोळा मिटून पाहिलं. खाली वाकून बुंध्याचं पोतं बाजूला करून पाहिलं, बोटानं सिमिट टोकरून पाहिलं. योगिनी पदराचं टोक मुठीत घेऊन उभी होती, शाळेत निकाल ऐकायला उभी राहिल्यासारखी.

धुरपताबाई सरळ झाली. "किती खोल नेला?"

"मुरूम लागेपर्यंत, आत्याबाई."

"काळीत नाई ठेवला?"

"काळीत कसा राहीन? पावसाळ्यात झुकला असता."

"हं." म्हातारीनं तळवा पाइपावर ठेवला आणि तो तिथंच राहिला. "आमच्या सुमनची पंगतीत पडली," ती कुणालाच न सांगता म्हणाली.

मग ती जाऊन ओट्यावर बसली. गाडीचं नाव कुणी काढलं नाही, तिनंही काढलं नाही. जगदेवनं उंबराचा फाटा लोखंडाला सुतळीनं बांधला, म्हणजे झाडाचंही समाधान. निकितानं चहा आणला. धुरपताबाईनं कप घेतला, फुंकर मारली, आणि तोंड खुपसता खुपसता करड्या आवाजात म्हणाली:

"ए छत्रीवाली! उभी काय राह्यली? त्याले पाणी टाकलं काय? ओलं नाई हाय बूड. सिमिट तडकन न!"

योगिनीनं सासूकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाह्यते?" गोजराबाई खेकसली. "आत्यानं सांगतलं ते ऐकू नाई आलं?"

योगिनीनं तांब्या भरला. सवाष्णी बाजूला झाल्या, तिला वाट देत. ती मेढीपाशी वाकली आणि हळदी-कुंकवाच्या, सुपारीच्या, नारळाच्या मधून सावकाश पाणी सोडत राहिली. घाई नाही, 'चालते' नाही. पोतं पुरतं भिजेपर्यंत. गाणं मघाशी जिथं तुटलं होतं तिथूनच धुरपताबाईनं ते परत उचललं, आणि बायांनी धरलं.

त्याच वेळी निंब सळसळला. सकाळपासून डगळ्यांवर टपून बसलेल्या वानरानं झेप घेतली ती थेट मेढीच्या टोकावर. बाया किंचाळल्या. निकिता ओरडली. योगिनी तेवढी वाकलेली होती तशीच राहिली, कारण तिचा हात पाइपावर होता आणि पाइपात तिला काहीच जाणवलं नव्हतं. वानरानं शेपटी उंबराला गुंडाळली, आंब्याचं पान तोडलं आणि नवरदेवाच्या मामासारखं ऐटीत बसून चावायला लागलं.

धुरपताबाईचा कप खाली गेला, हात जोडले गेले. "मारुतीराया आले बाप्पा. हाकलू नका कोणी."

गोजराबाईनं काठी उचललेली होती. तिनं ती हळूच ओट्याला टेकवली. वर वानर, खाली तांब्या घेतलेली सून, आणि दोघांच्या मध्ये तसूभर न हललेलं लोखंड. ती खूप वेळ पाहत राहिली.

"बस बाप्पा," शेवटी ती वानराला म्हणाली. "पाह्यजे तितका वेळ बस. माह्या सुनेनं रोवला हाय."